उधारीचे पंचेचाळीस दिवस

सोलापूरच्या पूर्व भागात उधारीला तीन शब्द आहेत. तेलुगूत अप्पु, कानडीत साल आणि मराठीत उधारी. एखाद्या यंत्रमाग कारखान्यात दिवसभर बसलं तर तिन्ही कानावर पडतात आणि तिन्हींची गोष्ट एकच असते: माल गेलाय, पैसे यायचेत. सूत घेताना पैसे रोख किंवा थोड्या दिवसांच्या वायद्यावर द्यावे लागतात. मागावरच्या माणसाला पगार आठवड्याला लागतो. विजेचं बिल महिन्याला येतं. टॉवेलची गाठ मात्र एकदा ट्रकात चढली की तिचे पैसे दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी, कधी कधी पुढची ऑर्डर देतानाच येतात. मधल्या दिवसांचा सगळा भार कारखानदाराच्या अंगावर. नफ्यात चाललेला छोटा धंदा बंद पडतो, तो बहुतेक वेळा या मधल्या दिवसांतच.

आमच्या घरी चार माग होते. परराज्यातल्या एका व्यापाऱ्याचं खातं सहा-सात वर्षं नीट चाललं, मग तीन बिलं अडकली. ‘दिवाळी होऊ द्या’, ‘लग्नसराई संपू द्या’, ‘घरात आजारपण आहे’ असं चालू राहिलं आणि वडील वाट पाहत राहिले. शेवटी वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी चार गोष्टी मागितल्या: लेखी ऑर्डर, माल पोचल्याची सही, बिलावर लिहिलेली मुदत आणि समोरच्याने देणं कबूल केल्याचा एखादा कागद. आमच्याकडे होती फक्त वही, तीही आमच्याच अक्षरातली. आणि शेवटच्या बिलाला तीन वर्षं उलटून गेली होती. पैसे बुडाले. ते वाचवायला जे कागद लागत होते, ते तयार करायला आम्हाला जवळजवळ काहीच खर्च आला नसता, ही गोष्ट मला आजही लागते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे, ऑर्डर येण्याआधीपासून पैसे खात्यात पडेपर्यंत, ज्या क्रमाने घडतं त्या क्रमाने.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, देशातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी. आपल्या मालाच्या नावाला कायद्याचं कुंपण आहे हे शहरात बहुतेकांना ठाऊक असतं. आपल्या पैशालाही तसं कुंपण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या कुंपणाचं नाव सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६. त्यातली कलम १५ पासून २४ पर्यंतची पानं फक्त थकलेल्या पैशांविषयी आहेत.

कलम १५ सांगतं की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने, लेखी करारात ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे दिले पाहिजेत. पण ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर मुदत १५ दिवसांची. म्हणजे १ जूनला माल स्वीकारला आणि कागदावर काही नाही, तर १६ जूनपर्यंत पैसे यायला हवेत. कागदावर ४५ दिवस असतील तर १६ जुलैपर्यंत. आणि कागदावर ९० दिवस लिहून घेतले असतील तरीही १६ जुलैच. पेठेतला रिवाज तीन महिन्यांचा आहे, आमच्याकडे असंच चालतं, हे उत्तर या कायद्यापुढे टिकत नाही.

हे संरक्षण कुणाला, ते आधी नीट पाहून घ्यायला हवं. माल बनवणारा आणि सेवा देणारा, दोघांनाही ते मिळतं. टॉवेल विणणारा आला, चादर विणणारा आला, शाळेचे गणवेश शिवणारा आला. दुसऱ्याच्या कापडावर नुसती शिलाई करून देणारा जॉबवर्कवालाही आला, कारण शिलाई ही सेवा आहे. नुसती खरेदी-विक्री करणारा व्यापारी यात येत नाही. व्यापाऱ्यांना २०२१ पासून नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी. थकलेल्या पैशांच्या या कलमांसाठी नाही. मध्यम उद्योगही बाहेर. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल म्हणजे सूक्ष्म. पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंत लघु. सोलापुरातले यंत्रमागवाले आणि शिलाईवाले बहुतेक पहिल्याच पायरीवर बसतात.

हक्क सांगायचा तर नोंदणी हवी. तिचं नाव उद्यम, १ जुलै २०२० पासून सुरू झालेली. आधार आणि पॅन लागतं, कागदपत्रं चढवावी लागत नाहीत आणि शुल्क शून्य. शुल्क शून्य हे मुद्दाम पुन्हा लिहितो, कारण सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळं उघडून या कामाचे दोन-तीन हजार घेणारे लोक आहेत. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं, तेवढं पाहावं. जुना ‘उद्योग आधार’ क्रमांक ज्यांच्या बिलांवर अजून छापलेला आहे त्यांनी तो खोडावा. त्याची मुदत जून २०२२ मध्येच संपली. आणि नोंदणी माल पाठवण्याआधी झालेली असावी. पैसे अडकल्यावर नोंदणी करून जुन्या बिलांचा हक्क मागता येतो का, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेलेले आहेत. त्या वादात आपलं बिल कशाला अडकवायचं?

आता ऑर्डर. फोन येतो, ‘अमक्या वजनाचे तीनशे डझन पाठवा, पैसे महिन्यात.’ इथे बहुतेक जण ‘हो’ म्हणून कामाला लागतात. त्याआधी दहा मिनिटं काढावीत आणि समोरच्याचा जीएसटी क्रमांक मागावा. हा पंधरा अंक-अक्षरांचा क्रमांक बरंच काही सांगतो. पहिले दोन आकडे राज्याचे: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३६ तेलंगण, ३३ तमिळनाडू. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्याचं पॅन. त्यातलं चौथं, म्हणजे पूर्ण क्रमांकातलं सहावं अक्षर सर्वांत मोलाचं. तिथे ‘पी’ असेल तर देणेकरी एक व्यक्ती आहे. ‘एफ’ असेल तर भागीदारी पेढी. तिच्या देण्याला साधारणपणे सगळे भागीदार स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार असतात. ‘सी’ असेल तर कंपनी, आणि मग पैसे कंपनीकडूनच मागायचे. संचालकाचा बंगला कितीही मोठा असला तरी त्याला सहसा हात लागत नाही. दुकानावरची पाटी तिन्हींची सारखीच दिसते. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द झाली, आणि विवरणपत्रं वेळेवर भरली जातात का, तेही कुणालाही दिसतं. ज्याने चार-पाच महिने सरकारचं विवरणपत्र भरलेलं नाही, तो तुमचं बिल वेळेवर भरेल अशी आशा मी तरी धरणार नाही.

मग फोनवर जे ठरलं ते लेखी उतरवायचं. त्यासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही. व्हॉट्सॲपवर चार ओळी पुरतात: माल कोणता, वजन आणि माप किती, दर काय, माल मिळाल्यापासून किती दिवसांत पैसे. आणि खाली, ‘बरोबर असल्यास होय कळवा.’ त्याचं ‘होय’ आलं की तो करार झाला. असे संदेश न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करता येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्यासाठी प्रमाणपत्राचा नमुनाच दिलेला आहे. मात्र मूळ संभाषण फोनमध्ये असायला हवं. फोन बदलताना गप्पांबरोबर ऑर्डरीही पुसून टाकणारे बरेच आहेत.

बिलाकडे येऊ. सोलापुरातल्या छोट्या कारखान्यांची बिलं मी पाहतो तेव्हा खालच्या कोपऱ्यात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘वादविवाद सोलापूर न्यायालयाच्या कक्षेत.’ ते राहू द्यावं, पण त्याच्या शेजारी आणखी तीन गोष्टी छापाव्यात. एक, उद्यम क्रमांक आणि आपण सूक्ष्म की लघु ते. दोन, पैसे देण्याची नेमकी तारीख. ‘३० दिवस’ असं मोघम नको. तीन, हे वाक्य: ‘मुदतीनंतर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ च्या कलम १६ प्रमाणे व्याज लागू होईल.’ हे प्रत्येक बिलावर, प्रत्येक गिऱ्हाईकाला, अगदी मेव्हण्याच्या दुकानालाही. सगळ्यांच्या बिलांवर छापलेलं असलं की कुणाला ते खास आपल्यासाठी लिहिलंय असं वाटत नाही. पैसे थकल्यावर पहिल्यांदा कायद्याचं नाव काढलं की संबंध तुटतात. पहिल्या बिलापासून ते कागदावर असलं तर कुणी बोलतही नाही.

माल निघताना बिल, ट्रान्सपोर्टवाल्याची बिल्टी आणि ई-वे बिल यांचे फोटो एकाच ठिकाणी ठेवायचे. ई-वे बिल परराज्यात पन्नास हजारांच्या वर लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर. ते सरकारी सर्व्हरवर बनलेलं असतं, त्यामुळे ‘माल आलाच नाही’ या बचावाला ते चांगलं उत्तर आहे. तरी खरी गरज असते पोचपावतीची, म्हणजे मालाच्या चलनावर समोरच्याची सही, शिक्का आणि तारीख. कारण ४५ दिवसांची मोजणी बिलाच्या तारखेपासून सुरू होत नाही. माल स्वीकारल्याच्या तारखेपासून होते. ट्रान्सपोर्टवाल्याकडून ही पावती परत मागवायला आपण कंटाळतो. मागवावी.

आणि माल खराब निघाला असं तो म्हणाला तर? टॉवेलमध्ये हे नेहमीचं: रंग सुटतो, पन्हा कमी भरतो, वजन बसत नाही. यावर कायदा दोघांनाही न्याय देतो. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी तक्रार केली, तर तुम्ही ती दूर कराल तो दिवस स्वीकाराचा दिवस धरला जातो. त्या १५ दिवसांत लेखी काही आलं नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं मानलं जातं. चार महिन्यांनी पैसे मागायला गेल्यावर ‘अहो, तुमच्या त्या मालाचा रंग गेला होता’ ही तक्रार निघते, ती या नियमापुढे दुबळी ठरते. उलट तक्रार वेळेत आली असेल तर लगेच माणूस पाठवून, माल पाहून, काय ठरलं ते लिहून घ्यावं. बिलातून वजा केलेली रक्कम क्रेडिट नोटेत यावी, तोंडी वटावात नको.

आता व्याज. कलम १६ वाचलं की छोट्या कारखानदाराला विश्वास बसत नाही. रिझर्व्ह बँकेचा जो बँक दर असेल त्याच्या तिप्पट, तेही चक्रवाढ, दर महिन्याला मुद्दलात मिळवून. करारात व्याज नाही असं लिहिलेलं असलं तरी, कारण हा कायदा अशा करारांच्या वर बसतो. हिशेबाच्या सोयीसाठी बँक दर ६ टक्के धरू. तिप्पट १८, म्हणजे महिन्याला दीड टक्का. चार लाखांचे टॉवेल, त्यावर ५ टक्के जीएसटी वीस हजार, एकूण बिल ४,२०,०००. मुदतीनंतर सहा महिने थकलं तर व्याज होतं सुमारे ३९,२५०. वर्षभर थकलं तर ८२,००० च्या वर. शिवाय खरेदीदाराला हे व्याज आपल्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. एवढं व्याज प्रत्यक्षात सोलापुरात किती जण वसूल करतात? माझ्या पाहण्यात फार थोडे. तडजोडीत व्याज सोडून मुद्दल पदरात पाडून घेण्याकडे कल असतो, आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण सोडायला हातात काहीतरी असावं लागतं, आणि ते हे व्याज देतं.

इथे जीएसटीचा एक काटा आहे. परराज्यात माल विकायचा तर उलाढाल ४० लाखांच्या आत असली तरी नोंदणी घ्यावीच लागते, म्हणून सोलापूरच्या टॉवेलवाल्याची यातून सुटका नाही. आणि कर भरावा लागतो बिलाच्या तारखेवरून, पैसे आल्यावर नाही. वरच्या उदाहरणातले वीस हजार तुम्ही पुढच्याच महिन्यात खिशातून भरता. समोरचा मात्र तुमच्या बिलावर तेवढ्याच रकमेचं क्रेडिट घेऊन मोकळा झालेला असतो. त्यावर कायद्यात एक तोड आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत त्याने तुम्हाला पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट त्याला व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं. म्हणून साधारण पाच महिने झाले की मालकाला फोन न करता त्याच्या हिशेबनिसाला करावा. ‘साहेब, एकशे ऐंशी दिवस भरत आलेत’ एवढंच. त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

हिशेबनिसाला घाबरवणारी याहून मोठी गोष्ट २०२३ च्या वित्त कायद्याने आणली. आयकराच्या कलम ४३बी मध्ये ‘एच’ हे उपकलम आलं आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ४५ (किंवा लेखी नसेल तर १५) दिवसांच्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षात धरला जातो. समजा १० फेब्रुवारीला माल स्वीकारला, लेखी मुदत ४५ दिवसांची. ती २७ मार्चला संपते. ३१ मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर त्या वर्षी ते चार लाख त्याच्या खर्चात नाहीत. तेवढा त्याचा नफा वाढला आणि तीस टक्के कर लागणाऱ्याला एक लाख वीस हजार जास्तीचे भरावे लागले. पुढच्या वर्षी पैसे दिल्यावर ती वजावट मिळते, पण रोकड आज गेलेली असते. उलट माल १० मार्चचा असेल आणि मुदतीच्या आत, २० एप्रिलला पैसे आले, तर त्याला काही तोशीस नाही.

हे कलम लागू झालेलं पहिलं आर्थिक वर्ष संपत आलं तेव्हा, २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, देशभरच्या कापड बाजारात खळबळ उडाली. सुरतेपासून सगळीकडच्या व्यापाऱ्यांनी मुदतवाढ मागितली. नोंदणी असलेल्या छोट्यांचा माल नको, असं म्हणणारेही निघाले. ऑर्डर टिकावी म्हणून काही छोट्यांनी स्वतःची नोंदणी रद्द करून टाकली. त्यांची अडचण मला कळते, कारण चार माग उभे ठेवायचे तर गिऱ्हाईक हवंच. तरीही नोंदणी सोडू नये असं माझं ठाम मत आहे. दीड महिन्यात पैसे द्यावे लागतील एवढ्यासाठी जे गिऱ्हाईक जातं, ते आधीही आपल्याच पैशांवर त्याचं दुकान चालवत होतं.

आता मुदत टळली. सेहेचाळिसाव्या दिवशी काय करायचं? पत्र. रागाचं नको, वकिलाचंही नको. आपल्या लेटरहेडवर एवढंच:

‘आपल्याकडे दिनांक अमुकचे, क्रमांक तमुकचे, रुपये ४,२०,००० चे बिल येणे आहे. माल दिनांक अमुक रोजी आपणास मिळाला. कायद्याने ठरलेली मुदत दिनांक अमुक रोजी संपली. सात दिवसांत रक्कम जमा करावी. काही तक्रार किंवा हिशेबात फरक असल्यास लेखी कळवावे.’

स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर. शेवटचं वाक्य गाळू नये. त्यावर तो जे लिहील, ‘थोडा वेळ द्या’ किंवा ‘पुढच्या महिन्यात अर्धे देतो’, ती त्याची कबुली असते.

अशा वेळी तो बऱ्याचदा पुढच्या तारखेचा चेक देतो. तो घ्यावा, आणि वटला नाही तर तारखा पाठ असाव्यात, कारण १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं कलम १३८ तारखांवरच चालतं. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकायचा. न वटल्याचा मेमो बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस. तरी पैसे नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. यातला एक टप्पा हुकला तर त्या चेकवरचा फौजदारी हक्क हातचा जाऊ शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि सोलापूरकरांच्या सोयीची गोष्ट २०१५ च्या दुरुस्तीत आहे: तुम्ही चेक आपल्या खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत, तिथल्या न्यायालयात खटला चालतो. व्यापारी चेन्नईचा असो की हैदराबादचा, तारखेला त्याला सोलापुरात यावं लागतं.

चेक नसेल, किंवा चेकच्या बरोबरीनेही, सुविधा परिषदेचा रस्ता आहे. सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषद ही उद्योग खात्याच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली बसते. तिच्यात उद्योजकांच्या संघटनेचा आणि बँकेचा माणूसही असू शकतो. अर्ज ऑनलाइन होतो. त्यासाठी २०१७ मध्ये केंद्राचं ‘समाधान’ पोर्टल आलं आणि २०२५ मध्ये ऑनलाइन वाद-निवारणाची नवी सोयही झाली. सोलापूरचा उद्योजक पुणे विभागात मोडतो. खरेदीदार देशात कुठेही असला तरी पुरवठादार जिथला, तिथली परिषद हे प्रकरण ऐकू शकते, आणि हीच या रस्त्याची मोठी ताकद आहे. उद्यम प्रमाणपत्र, ऑर्डर, बिल, ई-वे बिल, पोचपावती, पत्रव्यवहार आणि खात्याचा उतारा जोडायचा. परिषद आधी दोघांना बसवून समेट करू पाहते. नाही जमलं तर लवाद, आणि त्याचा निवाडा.

कायद्यात ९० दिवसांत निकाल द्यावा असं लिहिलं आहे. ते पाळलं जातंच असं नाही. वर्ष, दोन वर्षंही जातात, आणि हे ठाऊक असूनच त्या वाटेने जावं. पण निवाडा लागल्यावर चित्र पालटतं. खरेदीदाराला तो रद्द करून मागायचा असेल तर निवाड्याच्या रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी न्यायालयात भरावी लागते. नुसता वेळ काढण्यासाठी अपील करणं त्यामुळे महाग पडतं. बरीच प्रकरणं तर परिषदेची पहिली नोटीस पोचताच मिटतात. रक्कम मिळालीच नाही, तर निवाड्याची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयातून होते, आणि समोरच्याची मालमत्ता परराज्यात असेल तर तिथल्या न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते.

मोठ्या कंपन्यांना, हॉटेलांच्या साखळ्यांना माल देणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे: रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे ट्रेड्स मंच. कंपनीने तिथे बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, तुम्हाला थोड्या कपातीने पैसे लगेच मिळतात, आणि पुढे कंपनीने बँकेला पैसे दिले नाहीत तरी ते तुमच्याकडून मागितले जात नाहीत. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची आहे. ऑर्डर घेतानाच विचारून ठेवावं.

आणि घरच्यांच्या भागीदारीत धंदा असेल तर ती पेढी नोंदलेली आहे का, ते आजच तपासावं. दोन भावांनी स्टॅम्पपेपरवर भागीदारी लिहिली आणि निबंधकाकडे नोंदवलीच नाही, हे सोलापुरात सर्रास दिसतं. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीला करारावरून बाहेरच्या माणसावर दिवाणी दावा लावता येत नाही. सगळे कागद चोख असून दाराशीच अडवणारी ही त्रुटी आहे.

उरली ती तीन वर्षांची मुदत, जिच्यात आम्ही अडकलो. उधारीची मुदत संपल्यापासून तीन वर्षांत दावा लावला नाही तर तो मुदतबाह्य होतो. त्या तीन वर्षांच्या आत देणेकऱ्याने देणं सहीनिशी लेखी मान्य केलं, तर त्या दिवसापासून मोजणी नव्याने सुरू होते. म्हणून दर ३१ मार्चला प्रत्येक खात्याला एक ओळीचं पत्र जायला हवं: ‘आमच्या वहीप्रमाणे आजअखेर आपल्याकडे रुपये इतके येणे आहे, सही करून परत पाठवावे.’ पाडव्याला वहीपूजन करताना हळद-कुंकू आणि फुलं आपण विसरत नाही. मार्चअखेरीला सूतवाल्याचं, बँकेचं, सगळ्यांचं असंच पत्र आपल्याला येतं आणि आपण सही करून देतो. ज्यांच्याकडून आपल्याला यायचं आहे, त्यांना मात्र ते पाठवायचं राहून जातं. टॉवेलच्या धंद्यात खाती असतात तीस-चाळीस. एक दुपार पुरते.